पंच क्रमांक एक

तिच्या दुकानाची जागा चांगली होती. रस्त्याचा कोपरा, समोर बसथांबा, सकाळचं ऊन आणि येणारीजाणारी माणसं. खोट एकच. बसथांब्याच्या मागे पोलीस ठाणं होतं.

दुकान म्हणजे एक शिवणयंत्र, एक कापायचं टेबल आणि कपडे घालून बघायला पडद्यामागची हातभर जागा. नवे कपडे ती शिवत नसे. चेन बदलणं, पँट आखूड करणं, कंबर सोडणं किंवा आवळणं, अशी कामं. "लोकांच्या कमरा वाढतायत तोवर आपल्याला मरण नाही," असं ती नवऱ्याला सांगे. नवरा बस आगारात मेकॅनिक होता. तो स्वतःच्या कमरेकडे बघून मान डोलवी.

सगळा रस्ता तिला शिवणमावशी म्हणायचा. ठाण्यातली माणसं नुसतंच मावशी म्हणायची, आणि तिथून जेव्हा हाक यायची तेव्हा कुणाची पँट उसवलेली असेलच असं नसे.

पोलिसांनी कुठे झडती घेतली, चोरीचा माल पकडला, की त्या जागी दोन प्रतिष्ठित माणसं हजर लागतात. त्यांच्यासमोर सगळं लिहून काढायचं आणि त्यांनी खाली सही करायची. या माणसांना पंच म्हणतात. कायद्याने पंच म्हणून कुणीही चालतं. प्रत्यक्षात कुणीच येत नाही. हवालदार रस्ता ओलांडायला लागला की त्या रस्त्यावरची प्रतिष्ठा बघता बघता नाहीशी व्हायची. औषधवाला काहीतरी शोधायला आतल्या खोलीत जायचा. इस्त्रीवाला हातातला शर्ट तसाच टाकून पोचवायला म्हणून निघायचा, आणि कधीकधी शर्ट टेबलावरच राहिलेला असायचा. उरायचे दोघे. घड्याळवाले आजोबा, ज्यांना ऐकू कमी येत असल्यामुळे हवालदार जवळ येईपर्यंत कळायचंच नाही. आणि शिवणमावशी, जिच्या पायाखाली पायडल असायचं आणि सुईखाली कुणाची तरी पँट. सुई टोचलेली असताना पळता येत नाही.

अशी ती पहिल्यांदा गेली तेव्हा लेक मांडीवर होती. मग जातच राहिली. ठाण्यात साहेब बदलले, टेबलं बदलली, पंख्याचा आवाज बदलला. पंच क्रमांक एक मात्र तीच.

पोलिसांना ती सोयीची होती, पण फार सोयीची नव्हती. ती वाचल्याशिवाय सही करत नसे. एकदा पंचनाम्यात सहा सायकली लिहिल्या होत्या आणि भिंतीला पाच टेकल्या होत्या.

"सहावी कुठंय?"

"मावशी, सहावी येतेय. माणूस पाठवलाय."

"येऊ दे मग. आली की सही करते."

सायकल येईपर्यंत ती ठाण्यातल्या बाकावर बसून एका शर्टाला बटणं लावत राहिली. सायकल आली. तिने घंटी वाजवून बघितली आणि सही केली. घंटी का वाजवली ते हवालदाराला विचारायचं होतं, पण त्याने विचारलं नाही.

शिवणमावशीकडे पदवी होती. लग्नाच्या आदल्या वर्षी मिळालेली, आणि नंतर कपाटाच्या वरच्या फळीवर चादरींखाली नीट जपलेली. ती खाली काढायचं कारण बटणं ठरली. गावाच्या त्या टोकाला विशेष मुलांची एक शाळा होती. कुणाला बोलता येत नसे, कुणाला बोटांवर ताबा नसे, कुणाला अंगाला शिवलेलं खपत नसे. त्या मुलांच्या आया कपडे घेऊन यायच्या : बटणं काढून वेल्क्रोची चिकटपट्टी लावून द्या, कॉलरमागची चिठ्ठी काढा, तिने मानेला टोचतं आणि मग पोरगं दिवसभर रडतं. मावशी एकेका पोराला विचारून विचारून करायची. जो बोलत नसे त्यालाही विचारायची. एका आईने म्हटलं, मावशी, तुम्ही हे शिकून का घेत नाही, विद्यापीठात याचा कोर्स आहे. मावशीने रात्री जेवताना ते घरात सांगितलं.

लेक त्याच विद्यापीठात होती. तिचा घास हातात राहिला. "आई, तिथे माझ्या वयाची पोरं असतात."

"असू देत की. मी त्यांना काही करणार नाही."

"ती तुला मावशी म्हणतील."

"सगळेच म्हणतात."

नवऱ्याने पाणी पिऊन झाल्यावर मत दिलं. "जा. फार तर नापास होशील."

ती नापास झाली नाही. पहिलं वर्ष बऱ्या मार्कांनी गेलं. सकाळी वर्ग, दुपारनंतर दुकान. वर्गातली पोरं तिला मावशी म्हणू लागली आणि दोन महिन्यांत मॅडमही म्हणू लागल्या, ज्या तिच्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान होत्या. दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिक होतं. प्रत्येकाने एका शाळेत जाऊन मुलांबरोबर काम करायचं. आणि शाळेत पाय ठेवण्याआधी प्रत्येकाने पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणायचा.

वर्गात कुरकुर झाली. मावशीला मात्र ते पटलं. "आपल्या पोराजवळ कोण बसतंय ते आईबापांना कळायलाच पाहिजे," ती म्हणाली. "आणि आपल्याला काय, ठाणं समोरच आहे."

अर्ज ठाण्यात द्यायचा नव्हता. तो मुख्यालयात जायचा, तिथे कॉम्प्युटर सगळ्या नोंदी धुंडाळायचा आणि उत्तर द्यायचा. बाकीच्यांची उत्तरं लगेच आली. वर्गात एक पोरगा होता, मोटारसायकलच्या शर्यती लावताना पकडला गेला होता आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. त्याचाही दाखला आला, स्वच्छ. मावशीचा आला नाही. एका दुपारी मॅडमनी तिला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि आधी पाण्याचा पेला पुढे केला. पाणी बघूनच मावशीला शंका आली.

"मावशी, राग मानू नका. पूर्वी कधी काही... म्हणजे तरुणपणी..."

"तरुणपणी मी हिशेबनिसाच्या परीक्षेला बसले होते. का?"

मॅडमनी समोरचं पत्र वाचलं. "तुमचं नाव घरफोडीत आहे."

"हो."

"एका नाही. बऱ्याच."

"हो, आमच्या भागात त्या होतात."

"दारूच्या अड्ड्यावरच्या धाडीत आहे."

"तीनदा. अड्डा तोच होता."

मॅडमनी चष्मा काढला. "मावशी, एका खुनातही आहे."

"त्यात नुसता चाकू होता."

"नुसता?"

"म्हणजे मी नुसता चाकू बघितला. माळ्यावर होता, जुन्या पेटीत, फडक्यात गुंडाळलेला. फडकं चांगलं होतं, जाड सुताचं."

मग मावशीने पंच म्हणजे काय ते सांगितलं. मॅडमना हसू आलं, ते त्यांनी आवरलं, कारण पत्र हसण्यासारखं नव्हतं. कॉम्प्युटरला नाव सापडत होतं; ते आरोपीच्या रकान्यात आहे की पंचाच्या, हे बघणं त्याच्या कामात बसत नव्हतं. मुख्यालयाने लिहिलं होतं की एवढ्या गुन्ह्यांच्या कागदांत नाव असलेल्या व्यक्तीबद्दल तिच्या भागातल्या ठाण्याने चौकशी करून कळवावं.

"माझा तुमच्यावर विश्वास आहे," मॅडम म्हणाल्या. "पण शाळेचा नियम आहे. पुढच्या सोमवारी सगळे एकदम रुजू होणार. दाखल्याशिवाय ते दारातून आत घेणार नाहीत, आणि मधून कुणाला घेत नाहीत. मुलांना सारखी नवी माणसं चालत नाहीत ना."

"मग माझं?"

"वर्ष जाईल."

मावशी चव्वेचाळीस वर्षांची होती. वर्ष जाणं म्हणजे काय, हे वर्गातल्या पोरांपेक्षा तिला जरा जास्त कळत होतं. पाणी पिऊन टाकलं, पेला उचलून खिडकीत ठेवला आणि बस पकडली.

ठाण्यात साहेब नवे होते, बदली होऊन आलेले. मुख्यालयाचं पत्र वाचून त्यांनी हवालदाराला हाक मारली. "ही कोण बाई? आपल्या भागातले निम्मे गुन्हे हिच्या आसपास झालेत."

"साहेब, आपल्या मावशी. पंच आहेत."

"सगळ्यांत?"

"दुसरं कोणी येत नाही साहेब."

साहेबांनी थोडा विचार केला. "ठीक. शेजारच्या दोन प्रतिष्ठितांचे जबाब घे, वर्तन चांगलं आहे असं लिही, सह्या घे, पाठवून दे."

हवालदार मनाने चांगला होता. मावशीचं काम आहे म्हणून त्याने ते त्याच दिवशी हातात घेतलं. वर मुख्यालयाच्या पत्रातलं अर्जदाराचं पूर्ण नाव उतरवलं, खाली वर्तन चांगलं असल्याचं लिहिलं, त्याखाली 'पंच क्रमांक एक' आणि 'पंच क्रमांक दोन'. तिथून पुढे त्याचा हात आपोआप चालला. इतक्या वर्षांत त्या दोन ओळींपुढे त्या हाताने दुसरी नावं कधी लिहिलीच नव्हती. कागद घेऊन तो रस्ता ओलांडून आला. औषधवाला आत गेला. इस्त्रीवाला शर्ट पोचवायला निघाला.

मावशीच्या दुकानात त्या वेळी शाळेच्या गणवेशांचा ढीग होता आणि एक गिऱ्हाईक पडद्यामागून ओरडत होतं की चेन अडकली, वरही येईना आणि खालीही जाईना. "मावशी, सही," हवालदार म्हणाला. मावशीने तोंडातल्या टाचण्या काढल्या, जिथे त्याचं बोट होतं तिथे सही केली आणि चेन सोडवायला आत गेली. आजोबांनीही केली. संध्याकाळी साहेबांनी त्यावर शिक्का मारला.

मुख्यालयाने तो कागद परत पाठवला. चारच शब्दांचा शेरा होता : अर्जदार व पंच एकच.

साहेबांनी तिघांना उभं केलं. आजोबांना खुर्ची दिली, कारण त्यांना काय चाललंय ते कळतच नव्हतं.

"हवालदार, बाई चांगल्या आहेत असं तू बाईंकडूनच लिहून घेतलंस?"

"साहेब, सवयीने झालं."

"आणि बाई, तुम्ही? स्वतःच्या चांगुलपणाची साक्ष स्वतःच दिलीत?"

"वाचलं नाही साहेब."

"तुम्ही तर म्हणे वाचल्याशिवाय सही करत नाही."

मावशीचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत न वाचता केलेली तिची ही एकच सही होती, आणि नेमकी हीच. "चेन अडकली होती," ती म्हणाली. ते कारण तिलाही पुरेसं वाटलं नाही.

"आजोबांची सही चालेल," साहेब म्हणाले. "दुसरं माणूस आणा. नातेवाईक नको, तुमच्याकडे कामाला असलेलं नको, शेजारचंच पाहिजे. आज आणलंत तर कागद आज जाईल. उद्या दुपारपासून मुख्यालयाला सुट्टी आहे आणि तुमचा तो सोमवार काही थांबणार नाही."

मावशी आधी औषधवाल्याकडे गेली. त्याने तिला बसायला स्टूल दिलं. "मावशी, तुम्ही म्हणजे सोनं. कुणीही विचारू दे, मी सांगेन."

"चला मग. ते विचारतायत."

"तिथे नको ना. इथे येऊन विचारलं तर सांगेन. माझं बीपी तुम्हाला माहितीये." बीपीची गोळी त्याच्या मागेच फळीवर होती. मावशीने तिकडे नुसतं बघितलं. त्याने स्टूल परत आत घेतलं.

बसथांब्यामागच्या फोटोवाल्याने सांगितलं की तो इथे नवीन आहे. नवीन म्हणजे लेकीचा शाळेतल्या प्रवेशाचा फोटो त्यानेच काढला होता.

मग उरला इस्त्रीवाला. त्याच्याकडे जाणं मावशीला जड जात होतं, पण ते त्याच्यामुळे नव्हे, तर त्याच्या बायकोमुळे. मावशीच्या दुकानाच्या छपराचं पाणी पाऊस पडला की नेमकं त्यांच्या इस्त्रीच्या टेबलावर पडायचं. त्यावरून काही वर्षांपूर्वी दोघींची जी जुंपली, तेव्हापासून इस्त्रीवाली तिच्याशी बोलत नसे. दोन टेबलांत मधे एक पत्रा. तरी काही सांगायचं झालं तर ती नवऱ्यामार्फत सांगायची. "तिला म्हणावं, तिचं गिऱ्हाईक आपल्या पायरीवर बसलंय." नवरा मग पत्र्यावरून मान वर करून म्हणायचा, "ताई, ती म्हणतेय..." आणि मावशी म्हणायची, "ऐकलं."

इस्त्रीवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि इस्त्री उभी करून ठेवली. "ताई, रागावू नका. मी पहिल्यापासून काय म्हणत होतो? एकदा नाव आत गेलं की ते बाहेर येत नाही. तुम्ही हसायचात. आता बघा. चांगलं करायला गेलात आणि खुनात निघालात."

"चाकूत," मावशी म्हणाली.

"तेच ते. आज मी तुमच्यासाठी सही केली की उद्यापासून हवालदार कुणाकडे येणार? तुम्ही जाणार शाळेत. मी इथेच."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मावशी आपल्या टेबलाशी येऊन बसली. गणवेशाची शिवण उलगडली, पुन्हा तीच घातली. कोर्सचं सुचवणाऱ्या त्या आईला आपण सोमवारी शाळेत भेटू म्हणून सांगून ठेवलं होतं. आता काय सांगायचं, ते ती जुळवत होती.

पत्र्यापलीकडे इस्त्रीवाली कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातली घडी पुरी केली, ती ढिगावर ठेवली, पदराला हात पुसले.

"तिला म्हणावं, चप्पल घाल," ती नवऱ्याला म्हणाली. "मी येते."

"अगं, पण तुझं नाव..."

"माझ्या नावाने आजवर कुणी हाक तरी मारलीये का? राहू दे तिथे आत. तुम्ही शर्ट पोचवा."

इस्त्रीवाला शर्ट घेऊन निघाला. खरंच पोचवायचा होता.

दोघी रस्ता ओलांडून गेल्या, एकमेकींशी न बोलता. ठाण्यात हवालदाराने कोरा कागद घेतला आणि यावेळी वर काय आणि खाली काय लिहितोय ते दोनदा बघितलं. साहेब स्वतः समोर बसले.

"तुम्ही यांना किती वर्षं ओळखता?"

"लेकी लहान होत्या तेव्हापासून."

"यांचं वर्तन कसं आहे?"

"वाईट."

हवालदाराचं पेन थांबलं. मावशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत होती, ती बघतच राहिली.

"वाईट म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"हिच्या छपराचं पाणी माझ्या टेबलावर पडतं. धुतलेला, कडक इस्त्री केलेला कपडा भिजतो. शंभरदा सांगितलं. ऐकत नाही. तोंडाने फटकळ आहे. आपलंच खरं करते. आमचं पटत नाही, बोलणं नाही. हे लिहा आधी."

"बाई, मग तुम्ही इथे कशाला आलात?"

"तुम्हाला खरं पाहिजे ना? पटत असतं तर माझ्या सांगण्याचा तुम्हाला काय उपयोग होता? गोड बोलणारे सगळे तिकडे दुकानात लपलेत." तिने दम घेतला. "ही पोरांच्या शाळेत चाललीये असं ऐकलं. मग पोरांचं सांगते. माझी धाकटी रांगायला लागली तेव्हा माझ्याकडे इस्त्री तापलेली असायची, पायाखाली वायर. पोर ठेवायला जागा नव्हती. हिच्याकडे ठेवायचे. दिवसभर. ते दुकान कसलं, सुया, टाचण्या, कात्र्या, ब्लेड. वर्ष दीड वर्ष ठेवली. पोरीच्या अंगावर एक ओरखडा नाही उमटला. टाचणी पडली की ही आधी यंत्र थांबवायची, टाचणी शोधायची, मग पुढचं. गिऱ्हाईक बोंबलायचं, बोंबलू द्यायची. माझ्या घरी मात्र पोरीला दोनदा चटका बसलाय, माझ्याच हातून. एवढंच मला माहीत आहे. लिहा."

हवालदार लिहीत होता. साहेबांनी मावशीकडे बघितलं. मावशीचं नाक लाल झालं होतं.

"हे खरं आहे?" त्यांनी विचारलं.

"टाचण्यांचं खरं आहे," मावशी म्हणाली. "छपराचंही."

लिहून झाल्यावर इस्त्रीवालीने कागद ओढून घेतला आणि ओळीवर बोट ठेवत, ओठ हलवत सगळा वाचला. हवालदार उगाच आढ्याकडे बघू लागला. "यात छपराचं कुठंय?" ती म्हणाली.

"वहिनी, त्याचा दाखल्याशी काही संबंध नाही."

"मग माझा जबाब अर्धाच झाला. अर्ध्यावर मी सही करणार नाही."

साहेबांनी हाताने खूण केली. हवालदाराने छप्पर लिहिलं. इस्त्रीवालीने सही केली, जरा मोठीच, ओळ ओलांडून गेली.

दाखला शनिवारी सकाळी मॅडमच्या कॉम्प्युटरवर आला. त्यांनी मावशीला फोन केला. "मावशी, झालं. एकाही गुन्ह्यात आरोपी नाही, मुलांसोबत काम करण्यास योग्य, असं स्पष्ट लिहिलंय." मग पुढे वाचलं. "खाली इतर बाबी म्हणून एक ओळ आहे. छपराचे पाणी शेजारी पडते. हे काय आहे?"

"ते पडतं," मावशी म्हणाली. "उद्या बघते."

रविवारी मावशीचा नवरा आगारातून पन्हळीचा एक तुकडा आणि चार पट्ट्या घेऊन शिडीवर चढला. खाली मावशी शिडी धरून होती. इस्त्रीवाली आपल्या पायरीवर उभी राहून वर बघत होती.

"तिला म्हणावं, अजून थोडं डावीकडे," ती आपल्या नवऱ्याला म्हणाली.

"ताई, ती म्हणतेय..."

"ऐकलं," मावशी म्हणाली. "अहो, डावीकडे घ्या जरा."

सोमवारी ती शाळेत गेली. तिला एक मुलगा दिला होता, सहा वर्षांचा, न बोलणारा, जो कुणालाही पायाला हात लावू देत नसे. मोजे घातलेले, बूट हातात. मावशी त्याच्या शेजारी जमिनीवर बसली, आपली चप्पल काढली आणि घातली, पुन्हा काढली आणि घातली. तो बघत नव्हता. दुपारी मात्र तो बघत होता.

रात्री जेवताना लेकीने विचारलं, "कसा गेला दिवस?"

"बरा गेला. एक बूट घातला त्याने."

"आणि दुसरा?"

"दुसरा माझ्या मांडीवर ठेवला आणि जेवायला गेला," मावशी म्हणाली, आणि भात वाढायला उठली.